भुईगावातलं किवू

आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, की कपडे काँगोच्या काठावर धुवायचे, रवांडाच्या काठावर नाही.

माझ्या डोक्यावर बोचकं होतं, पोटात पोर होतं आणि एस.टी.त सारखं मळमळत होतं म्हणून तोंडात लिंबाची फोड होती. मी मान हलवली. त्या दिवसांत मला कुणी काहीही सांगितलं तरी मी मान हलवायची. सातवीत शाळा सुटलेली, लोणारपासून इतक्या लांब आयुष्यात पहिल्यांदा आलेली. नवऱ्याला वालीवला बादल्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं. त्याने बजावून ठेवलं होतं, की भुईगावची ही खोली मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे, म्हातारा जरा विचित्र आहे, त्याला उलट बोलू नकोस. मला वाटलं, काँगो हे कुणा शेजाऱ्याचं आडनाव असेल. वसईकडची आडनावं मला सगळीच नवी होती. त्यात हे एक.

संध्याकाळी घरमालकांच्या बहिणीने, कत्रीनमावशींनी, मला चहा दिला आणि समजावलं. "तू मनावर घेऊ नको, बाय. आमचा बावतीस तरुणपणी आफ्रिकेला गेला. शरीर घेऊन परत आला, डोकं तिकडंच ठेवलं."

भुईगावात जुन्या वाड्यांमधून बावखलं असत. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं, केळी-पानवेलींना पाणी घालायचं. बाकीच्यांची बावखलं साधी, लांबट, चौकोनी. बावतीसकाकांचं बावखल मात्र वरून पाहिलं तर उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं दिसायचं. आफ्रिकेतून आल्यापासून दर उन्हाळ्यात ते कुदळ घेऊन त्याचे काठ कोरत आले होते. इथे एक खाडी, तिथे एक टोक, मधे दोन हात उंच मातीचं लांबुडकं बेट. काँगो आणि रवांडा या दोन देशांच्या मधे, ज्वालामुखींच्या पायथ्याशी किवू नावाचं एक प्रचंड तळं आहे. ते तळं काकांनी बापाच्या वाडीत आणून ठेवलं होतं. माप होतं मैलाला एक हात. समुद्राकडची बाजू काँगो, चर्चकडची बाजू रवांडा. दक्षिणेला तळ्यातून रुझीझी नदी निघून टांगानिका तळ्याला मिळते. ती नदी म्हणजे वीतभर रुंद पन्हळ आणि टांगानिका म्हणजे शेजारच्या वाडीतला चर. आपण टांगानिकाचे मालक आहोत हे त्या शेजाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो त्यात बदकं सोडायचा.

कपड्यांचं कारणही मावशींनीच सांगितलं. चौऱ्याण्णव साली रवांडात माणसांनी माणसं मारली, माणसं पळून तळ्याच्या काठाने काँगोत शिरली, असं रेडिओवर रोज सांगत होते. काका रेडिओ घेऊन बावखलापाशीच बसून राहायचे. तेव्हापासून त्या काठावर धोपाटणं आपटायला बंदी. "त्या बाजूला पुष्कळ झालं," एवढंच म्हणायचे.

मी कधी त्या बाजूला गेले नाही. एकदा साबण वाहत तिकडे गेला, तो मी जाऊ दिला.

काका आफ्रिकेत होते ते एका लाँचवर. तळ्याचा नकाशा करणारी ती लाँच होती. कागदावर काढणारे साहेब वेगळे. काकांचं काम दोरीला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडायचं, ते टेकलं की दोरी मोजायची आणि मोठ्याने ओरडून वाव सांगायचे. दोन्ही हात पसरले की एक वाव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. लाँच थोडी पुढे जायची, साहेब विचारायचा, खाली किती? काका सांगायचे. पुन्हा पुढे, पुन्हा खाली किती.

ते "खाली किती" त्यांच्या तोंडात बसलं ते बसलंच. नवी विहीर असो, नवा पाद्री असो, नवा जावई असो, काकांचा प्रश्न एकच. त्यांच्या भाचीला स्थळ आलं. मुलगा बँकेत, देखणा, गिटार वाजवणारा. सगळी मंडळी खूश. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि भर बैठकीत म्हणाले, "वरून बरा आहे. खाली किती?" पाहुण्यांनी याचा काय अर्थ घेतला देव जाणे. ते लग्न दुसऱ्या मामाला मधे घालून जुळवावं लागलं.

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी तसंच जोखलं होतं. नंतर मला म्हणाले, "तुझा माणूस उथळ आहे, पण स्वच्छ आहे. बुडणार नाहीस." मी घाबरून आठ दिवस नवऱ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

मी लोणारची आहे हे कळल्यावर तर त्यांनी मला नावानं हाक मारायचं सोडलं. "ए लोणार, आज पाणी कुठवर आहे?" असं दारातून विचारायचे. लोणारलाही काळ्या दगडातलं तळं आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, आमच्या गुरुजींनी सांगितलंय, ते आभाळातून उल्का पडून झालं. त्यांना ते अजिबात रुचलं नाही. "वरून पडून होतो तो खड्डा. तळं खालून यावं लागतं." मी मान हलवली. मग मलाच वाईट वाटलं. लोणारच्या तळ्याची मला एवढी आठवण यायची, त्या हिरव्या खाऱ्या पाण्याचा वासही आठवायचा, आणि मी एका घरमालकाच्या भीतीने त्याला खड्डा म्हणू दिलं. दुसऱ्या दिवशी धीर करून सांगितलं, की काका, आमच्या तळ्याकाठी देवीचं देऊळ आहे. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "मग असू दे. देऊळ असेल तर असू दे."

मापाच्या बाबतीत मात्र ते कुणाला सोडायचे नाहीत, स्वतःलाही नाही. मैलाला हात या हिशेबाने त्यांचं बावखल जेमतेम वीतभर खोल असायला हवं होतं. पण वीतभर पाण्यावर केळी कशी जगणार? म्हणून ते पुरुषभर खोल ठेवावं लागलं होतं. ही गोष्ट त्यांना खात राहायची. दर वर्षी ईस्टरच्या आधी ते फादरांपुढे कबुली द्यायला जायचे, की माझ्याकडून खोलीत खोटेपणा होतो आहे. हे मला कत्रीनमावशींनी सांगितलं आणि त्यांना खुद्द काकांनी. फादर बिचारे चांगले. दर वर्षी थोडी प्रार्थना म्हणायला सांगून माफ करायचे.

बेटावरूनही भाऊ-बहिणीचं चालायचं. बेटाचं नाव इजवी. मावशींनी तिथे अळू लावलं. काका म्हणाले, इजवीवर अळू होत नाही. मावशींनी विचारलं, मग होतं काय? केळी आणि कॉफी, काका म्हणाले. मावशींनी अळू उपटलं नाही, पण मधे एक केळीचा कोंब टोचला. दोघं आपसात त्यांच्या बोलीत भांडायचे, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी बोलताना दोघंही शाळेतलं मराठी बोलायचे. त्यामुळे ते माझ्यावर रागावलेत की काय असं मला नेहमी वाटायचं.

पाहुण्यांना किवू दाखवताना काकांना विशेष उत्साह यायचा तो त्याच्या धोक्यांचा. तळाशी ज्वालामुखीचा वायू साठलेला आहे, वर सगळं शांत, मासे, होड्या, पोरं पोहतायत, आणि एक दिवस तळं उलटलं तर काठावरची माणसं उभ्या उभ्या संपतील. हे सगळं नाताळच्या करंज्या खाता खाता ते सांगायचे. आमच्या बावखलात कुजलेल्या पाल्याचे बुडबुडे यायचे. बुडबुडे दिसले की काका मला तान्ह्या पोरीला घेऊन आत बसायला लावायचे. दुपारचा स्वयंपाक चुलीवर तसाच राहायचा. मी हसत नव्हते. मला खरंच भीती वाटायची. मला तेव्हा कशाचीही भीती वाटायची.

सगळ्यात जास्त भीती पोरीची. पिंकी रांगायला लागली आणि आमच्या दारापासून किवू चार पावलांवर. मी तिच्या पायाला साडीची किनार बांधून दुसरं टोक माझ्या कमरेला बांधून भांडी घासायची. काकांना कुंपण करा म्हणायचं धाडस होईना. एकदा मावशी माझ्या वतीने बोलल्या, तर काका म्हणाले, किवूला कुंपण नाही. विषय संपला. मी देवाला नवस बोलले.

त्याच आठवड्यात एका सकाळी उठून बघते तर काका बांबूच्या कामट्या विणत बसलेले. उत्तरेच्या गोमा शहरापासून दक्षिणेच्या बुकावूपर्यंत, म्हणजे आमच्या बाजूच्या सगळ्या काठाला, कमरेएवढं कुंपण झालं. फाटकाला आकडाही लावला. वर तोंड न करता म्हणाले, "नकाशात हे नाही. कुणी विचारलं तर तू केलंस म्हणून सांग."

मी आजवर कुणाकुणाचे उपकार घेतले असतील, पण रात्री झोप लागावी असे थोडेच.

त्या वर्षांत भुईगावातली बावखलं एकेक करून बुजत चालली होती. टँकरवाल्यांनी विहिरी उपसून उपसून पाणी मचूळ केलं होतं. पानवेली गेल्या, गुलाब गेले. लोक पाडकामाचं राबिट आणून तळी भरायचे, वर चाळी बांधून भाड्याने द्यायचे. एप्रिल-मेत आमचं किवूही खाली जायचं, इजवी काँगोला चिकटायचं आणि काका दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मावशी म्हणायच्या, तळ्यापेक्षा चार खोल्या बऱ्या, म्हातारपणी कोण बघणार आहे आपल्याला. काकांचं लग्न झालं नव्हतं. मावशी तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी मनात म्हणायची, आधी आमची खोली जाईल.

पिंकी बालवाडीत जायला लागली त्या जानेवारीत एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी हसत हसत काकांना म्हणालं, "काय बावतीस, तुझा डोंगर फुटला की. टीव्हीवर दाखवला."

काका शेजारच्या घरी जाऊन टीव्हीपुढे बसले. बातम्या पुन्हा लागेपर्यंत तसेच बसले. दाखवलं ते क्षणभरच, मग क्रिकेट. परत आले तेव्हा बूट हातात होते.

गोमाच्या मागचा ज्वालामुखी फुटला होता. तापलेला रस शहरातून वाहत गेला होता, दुकानं, घरं, विमानाची धावपट्टी, सगळ्यावरून, आणि थेट तळ्यात उतरला होता. जिथे पाणी होतं तिथे आता जमीन होती. मला वाटलं, काकांना नकाशा बदलल्याचं दुःख झालं असेल. आयुष्यभर कोरलेला काठ. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, थोडासाच काठ बदलला असेल, काका.

ते म्हणाले, "तिथं एक घर होतं."

बाकीचं त्यांनी एकदम सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी. धक्क्याला लागून एक घर होतं. त्यात एक बाई राहायची, फेलिसिते नावाची. लाँचला यायला अंधार झाला तर ती काठावर कंदील धरून उभी राहायची.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"लाँचसाठी."

मी मान हलवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "लाँचवर आम्ही सात जण होतो. दिवा सगळ्यांना दिसायचा." मग आणखी थोड्या वेळाने, "मी येतो म्हणून सांगून निघालो होतो."

तिकडे गडबड झाली, लाँचवाल्या कंपनीने गाशा गुंडाळला, इकडे वडील आजारी, मग वाडी, मग कत्रीनमावशी परत घरी आलेल्या. पत्र लिहायचं तर ती लिहायला शिकलेली नव्हती आणि यांना तिची भाषा येत नव्हती. दोघांत मिळून थोडीशी स्वाहिली.

सोमवारी ते एस.टी.डी.च्या दुकानात गेले. गोमा लावून द्या म्हणाले. दुकानदाराने नंबर विचारला. नंबर नव्हता. फादरांकडे गेले. फादरांनी मिशनच्या ओळखीतून कुठेकुठे विचारलं, तिकडच्या लोकांनी पत्ता मागितला. काका म्हणाले, धक्क्यापासून डाव्या हाताला, पाणी चार वाव. काही दिवसांनी फादर स्वतः घरी आले. माणसं परत येतायत, पुष्कळ जण वाचलेत, असं म्हणाले, पण आडनावाशिवाय एक बाई शोधणं तिथे आत्ता कुणाला शक्य नाही. जाताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो राहू दिला, एरवी झटकला असता.

पुढच्या रविवारी वाडीत छोटा टेम्पो शिरला आणि त्याने काळी खडी ओतली. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "शेवटी सुचलं म्हणायचं," त्या मला म्हणाल्या. मी घरात जाऊन भांडी गोळा करायला लागले. नवरा म्हणाला, आधी विचार तरी.

विचारायला गेले तर काकांनी माझ्या हातात पेपर दिला. ज्वालामुखीची बातमी आणि तळहाताएवढा नकाशा असलेला, आठवडाभर जुना. "लोणार, वाच. मला अक्षर लागत नाही."

ते गुडघ्यांवर बसले. बावखलाच्या उत्तरेला मातीचा उंचवटा होता, तो डोंगर. तिथपासून ते खडी मांडत खाली यायला लागले. मी जोडाक्षरांना अडखळत वाचत होते. विमानतळाचा उत्तरेकडचा भाग. मग खडी. मध्यवर्ती बाजारपेठ. मग खडी. डाव्या बाजूला किती, उजव्या बाजूला किती, ते नकाशावर माझं बोट ठेवायला लावून बघायचे आणि तेवढाच पट्टा घालायचे. एक खडा बाहेर पडला तर उचलून घ्यायचे. तिथे बाजार त्यांनी कधीतरी खापऱ्यांनी मांडलेला होता. त्यावरून खडी टाकताना हात थांबला नाही. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. हे चाळीचं काम नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

काठ वीतभर राहिला. काका म्हणाले, "पुढं वाच."

"तेथून तळ्यात शिरला."

"कुठून?"

मी पुन्हा वाचलं. बाजारापासून तळ्यापर्यंत, एवढंच होतं. नकाशावर एक जाड बाण होता. त्याचं टोक पाण्यात होतं, आणि धक्का त्याच्या टोकाखाली होता.

"डावीकडं किती?"

"त्यात लिहिलं नाही, काका."

"नीट बघ."

मी पेपर उलटून मागची बाजूही बघितली. तिथे लग्नाच्या जाहिराती होत्या. काकांच्या ओंजळीत खडी होती. पट्टा आतापर्यंत आला तसा सरळ सोडला तर फेलिसितेच्या घराची जागा त्याच्या खाली जात होती. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. ओंजळ तशीच धरून ते बसून राहिले.

मला खोटं बोलता आलं असतं. पेपर माझ्याच हातात होता. पण या माणसाला मापातलं खोटं सांगायची माझी हिंमत झाली नाही. घाबरत घाबरतच मी म्हटलं, "रस उतारानं जातो ना, काका? ती जागा उंचावर होती का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन पायऱ्या होत्या," ते म्हणाले.

घरांच्या छपरांवरून गेलेला रस दोन पायऱ्यांना काय अडणार? सातवीपर्यंतच शिकलेल्या मलाही एवढं कळत होतं. मी म्हटलं, "मग उंच होतं."

काकांनी ओंजळ बाजूला रिकामी केली. पाण्यातून ओला चिखल काढला आणि काठावर, धक्क्याच्या डाव्या हाताला, एक छोटा उंचवटा थापला. पिंकी अंगणात भातुकलीची चूल थापते तेवढा. हाताने त्याच्या कडा गुळगुळीत केल्या. मग उरलेली खडी दोन्ही बाजूंनी वळवून पाण्यात सोडली. काळा पट्टा तिथपर्यंत सरळ आला, उंचवट्यापाशी दुभंगला आणि दोन फाट्यांनी तळ्यात गेला.

मावशी पुढे आल्या. आयुष्यभर या तळ्याला नावं ठेवत आलेली बाई वाकून त्या चिखलाच्या गोळ्याकडे बघत राहिली. मग भावाशी बोलताना पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर शाळेतल्या मराठीत बोलल्या. मलाही कळावं म्हणून असेल, किंवा त्यांच्या बोलीत ते बोलायला जड जात असेल.

"दोन्हीकडून दगड घातलास. मागं दगड. ती बाहेर येणार कुठून?"

काकांनी पाण्यात हात धुतले. उठताना त्यांना मावशींचा आधार घ्यावा लागला.

"पाण्याकडून," ते म्हणाले. "तिथं चार वाव आहे. होडी काठाला लागते."